बॅटरी घेताना मी आधी तारीख बघितली

मी डीटीपीचं, म्हणजे छपाईची पानं संगणकावर लावण्याचं काम करते, कुडाळमध्ये, घरूनच. आषाढ ते भाद्रपद हे माझे कामाचे महिने, कारण दिवाळी अंकांचा मजकूर तेव्हाच हातात येतो. आणि नेमके तेच महिने आमच्याकडे वीज जाण्याचे. कुठे फांदी पडते, कुठे तार तुटते, कधी नुसता वारा सुटला तरी दिवे जातात. कधी मिनिटभरात येतात, कधी रात्रभर पत्ता नसतो. त्यामुळे लॅपटॉपच्या बॅटरीची गरज मला प्रवासात पडत नाही, घरातच पडते. अर्धं लावलेलं पान जाऊ नये म्हणून ती हवी.

माझा लॅपटॉप २०१८ सालचा. रॅम वाढवून घेतलेली आहे, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकलेली आहे, पडदा स्वच्छ आहे. तो बदलायचं काहीच कारण नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात मात्र टचपॅडचं डावं बटण दाबलं जाईना. आधी वाटलं, आत धूळ गेली असेल. मग लॅपटॉप टेबलावर ठेवला की एका कोपऱ्यावर डुगडुगायला लागला. तेव्हा लक्षात आलं की बॅटरी फुगली आहे.

हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लिथियम-आयन सेलच्या आत इलेक्ट्रोलाइट नावाचं द्रावण असतं. सेल जुना होत जातो, उकाड्यात राहतो, कायम शंभर टक्के भरलेला राहतो, तसतसं ते इलेक्ट्रोलाइट विघटित होतं आणि त्यातून वायू सुटतो. पूर्वीच्या जाड लॅपटॉपमधले गोल सेल धातूच्या नळकांड्यात असत, त्यामुळे बाहेरून काही दिसत नसे. आताच्या पातळ लॅपटॉपमध्ये सेल ॲल्युमिनियमच्या पातळ पाकिटात बंद केलेले असतात, आणि ते पाकीट फुगतं. बॅटरी बहुतेक वेळा टचपॅडखालीच असते म्हणून पहिला त्रास टचपॅडला होतो. डीटीपीच्या कामात लॅपटॉप दिवसभर चार्जरलाच लावलेला असतो, त्यात कोकणातला उकाडा. सात वर्षांत फुगली यात नवल नव्हतं.

फुगलेली बॅटरी वापरत राहायची नाही, दाबून बसवायची नाही आणि टोचून हवा काढायची तर अजिबात नाही. आत हवा, ओलावा गेला की ती पेट घेऊ शकते. गावातल्या दुरुस्तीवाल्या दादांकडे त्याच दिवशी लॅपटॉप नेला. त्यांनी मागचं झाकण उघडून आधी बॅटरीची पिन सोडवली, मग स्क्रू काढले, आणि खाली चिकटलेला भाग सोडवायला पेचकस न घेता जुनं प्लास्टिकचं एटीएम कार्ड वापरलं. तीन पाकिटांपैकी मधलं उशीसारखं गच्च झालं होतं. बॅटरीशिवाय लॅपटॉप चार्जरवर नीट चालत होता, पण वीज लुकलुकली की बंद. जुन्या डेस्कटॉपचा ६०० व्हीएचा यूपीएस घरात पडून होता, तो मधल्या काळात कामाला आला. लॅपटॉप डेस्कटॉपपेक्षा पुष्कळ कमी वीज खातो, त्यामुळे एवढ्याशा यूपीएसवरही फाइल सेव्ह करून शांतपणे बंद करण्याइतका वेळ मिळतो. ज्यांची बॅटरी येईपर्यंत काम अडून आहे त्यांनी हे करून बघावं.

बॅटरी काढायच्या आधी मी एक गोष्ट करून ठेवली होती, ती पुढे फार उपयोगी पडली. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी', मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि 'बॅटरीरिपोर्ट' असं इंग्रजीत टाइप केलं की बॅटरीचा अहवाल तयार होतो. त्यात डिझाइन कपॅसिटी, म्हणजे नवी असताना किती ऊर्जा मावायची ते, आणि फुल चार्ज कपॅसिटी, म्हणजे आज किती मावते ते, दोन्ही आकडे येतात. माझ्या बॅटरीची पहिली नोंद ४२,००० मिलिवॉट-अवर, दुसरी १६,००० च्या आसपास. नवीन बॅटरी कशाशी ताडून बघायची ते या अहवालावरून ठरलं.

आता निवडीकडे येते. लॅपटॉप कंपनीची ओरिजिनल घ्यायची की दुसऱ्या कंपनीने बनवलेली कंपॅटिबल, हा प्रश्न मी ज्यांना ज्यांना विचारला त्यांनी क्षणात उत्तर दिलं. एक म्हणाले, ओरिजिनलशिवाय हात लावू नका. दुसरे म्हणाले, तिप्पट पैसे कशाला, आतले सेल सगळे एकाच देशातून येतात. दोघांचंही मला पटेना, कारण दोघंही बॅटरीच्या नावाबद्दल बोलत होते आणि मला तिच्या आत काय आहे ते हवं होतं.

सुरुवात जुन्या बॅटरीच्या स्टिकरपासून केली. त्यावर बॅटरीचा टाइप नंबर असतो. लॅपटॉपच्या मॉडेलच्या नावावरून बॅटरी शोधण्यापेक्षा या नंबरावरून शोधावी, कारण एकाच मालिकेच्या लॅपटॉपमध्ये दोन वेगळ्या बॅटऱ्या बसवलेल्या असू शकतात: एक तीन सेलची, एक चार सेलची, व्होल्टेज वेगळं, आकारही वेगळा. माझ्या स्टिकरवर ११.४ व्होल्ट आणि ४२ वॉट-अवर असं होतं. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॉट-अवर, इतकं साधं गणित आहे. ४२ ला ११.४ ने भागलं की ३.६८ येतात, म्हणजे साधारण ३,६८० एमएएच (मिलिअँपिअर-अवर).

हे गणित हाती आल्यावर ऑनलाइन जाहिराती निम्म्याने कमी झाल्या. त्याच टाइप नंबरची, त्याच मापाची बॅटरी कोणी ५,२०० एमएएचची म्हणून विकत होतं. ११.४ ला ५.२ ने गुणलं तर ५९ वॉट-अवर होतात. तेवढ्याच जागेत, तेवढ्याच जाडीत जवळजवळ दीडपट ऊर्जा कुठून येणार? जुन्या, बाहेरून काढता येणाऱ्या बॅटऱ्यांमध्ये हा प्रकार आणखी उघडपणे चालतो. त्यात '१८६५०' मापाचे गोल सेल असतात, १८ मिलिमीटर व्यासाचे, ६५ मिलिमीटर लांबीचे. सहा सेलच्या पॅकमध्ये दोन-दोन सेल समांतर जोडून तीन जोड्या एकापुढे एक लावतात. चांगल्या कंपनीच्या वरच्या दर्जाच्या सेलची क्षमता साधारण ३,५०० एमएएच. म्हणजे पॅक फार तर ७,००० चा. तरीही सहा सेलवर '७,८००' छापलेलं सर्रास दिसतं. असा आकडा दिसला की मी पुढचं वर्णन वाचतच नाही.

दुसरी चाळणी व्होल्टेजची. काही जाहिरातींत माझ्याच टाइप नंबरापुढे ११.४ ऐवजी ११.१ व्होल्ट लिहिलेलं होतं. फरक किरकोळ वाटतो. पण ११.१ च्या पॅकमधला प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टपर्यंत जातो, आणि ११.४ च्या पॅकमधला ४.३५ किंवा त्याहून जरा वर. हे सेल वेगळ्या जातीचे आहेत. लॅपटॉप एका जातीसाठी आखलेला आणि आत दुसऱ्या जातीचे सेल, हा जुगार मला खेळायचा नव्हता. चालतात असं सांगणारे भेटले, मी त्यांच्याशी वाद घातला नाही, बॅटरी मात्र घेतली नाही.

मग अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन केला. त्यांनी लॅपटॉपचा अनुक्रमांक घेतला आणि जीएसटी धरून ७,४०० रुपये सांगितले. पैसे आगाऊ, बॅटरी मागवावी लागेल, सुट्या भागावर तीन महिन्यांची वॉरंटी. किमतीवर माझं फारसं म्हणणं नव्हतं. कामाचं साधन आहे, लागतील तेवढे घालावेत. मी एकच विचारलं: बॅटरी कोणत्या वर्षी बनलेली असेल? फोनवरची मुलगी सौजन्याने बोलली, पण हे आम्हाला आधी सांगता येत नाही, असं म्हणाली. माल आल्यावर तारीख बघून नको म्हणता येईल का, असंही विचारलं. मागवलेला सुटा भाग परत घेत नाहीत, असं उत्तर आलं.

तारखेचा आग्रह मी का धरत होते? लिथियम-आयन सेल वापरला नाही तरी म्हातारा होतो. कपाटात ठेवलेला सेलही दरवर्षी थोडी क्षमता गमावतो, गोदाम तापतं असेल तर जास्त. शिवाय आपोआप थोडा थोडा डिस्चार्ज होत जातो. बॅटरीतलं संरक्षक सर्किटही त्यातूनच जरासं खातं. म्हणून कारखान्यातून बॅटरी अर्धवट चार्ज करून पाठवतात. ती फार काळ पडून राहिली आणि व्होल्टेज अगदी तळाला गेलं, तर सेलला कायमची इजा होते आणि सर्किट त्याला चार्ज करायलाच नकार देतं. माझ्या मॉडेलचं उत्पादन केव्हाच थांबलेलं. त्याच्या खऱ्याखुऱ्या ओरिजिनल बॅटऱ्या म्हणजे बहुतेक मागे बनवून ठेवलेला साठा. साडेसात हजारांत चार वर्षं पडून राहिलेले सेल मिळणार असतील तर स्टिकरवर कोणाचं नाव आहे याने माझ्या पानांना काय फरक पडतो?

भाचा डोंबिवलीला असतो. त्यालाही त्याच्या लॅपटॉपसाठी बॅटरी हवी होती. तो म्हणाला, "मावशी, तू इकडेच ये. फोनवर विचारून काही हाती लागायचं नाही, वस्तू हातात घेऊन बघू." तुतारी एक्स्प्रेसने गेले आणि दुसऱ्या दिवशी आम्ही ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलो. रस्त्याचं नाव केव्हाच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झालं आहे, पण इलेक्ट्रॉनिक्सच्या खरेदीला जाणारा माणूस लॅमिंग्टन रोडच म्हणतो.

तिथे गेल्यावर कळलं की बाजारात बॅटरीचे दोन प्रकार नसून निदान चार आहेत. ओरिजिनल, म्हणजे लॅपटॉप कंपनीने स्वतः पुरवलेली. कंपॅटिबल, म्हणजे दुसऱ्या कंपनीने स्वतःच्या नावाने बनवलेली, जिच्यावर अमुक बॅटरीच्या जागी चालेल असं लिहिलेलं असतं. कॉपी, म्हणजे कोणीतरी बनवून वर लॅपटॉप कंपनीचंच नाव छापलेली. आणि पुल-आउट, म्हणजे वापरलेल्या लॅपटॉपमधून काढलेली, पुसून पुसून नवी केलेली. यातल्या कंपॅटिबलला लोक 'डुप्लिकेट' म्हणतात ते मला अन्यायाचं वाटतं. स्वतःचं नाव लावून, स्वतःची जबाबदारी घेऊन माल विकणारा आणि दुसऱ्याचं नाव छापणारा एकाच पारड्यात कसे बसतील? खरी फसवणूक कॉपीत आहे, आणि ती विकली जाते 'ओरिजिनल' या नावानेच. 'ओरिजिनल घ्या' हा सल्ला ऐकून बाजारात जाणारा माणूस नेमका तिथेच अडकतो.

पहिल्या एका दुकानात सोळाशे रुपयांत 'ओरिजिनल' मिळत होती. सर्व्हिस सेंटरच्या दराच्या पावपेक्षाही कमी किमतीत. स्टिकरवरची अक्षरं किंचित जाड, कोपऱ्यातला बारकोड पुसट. बिल मागितलं तर जीएसटी वेगळा पडेल म्हणाले. आम्ही पुढे निघालो.

ज्या दुकानात शेवटी खरेदी केली तिथले मालक वयाने मोठे, बोलायला मोकळे. माझी फुगलेली बॅटरी मी सोबत नेली नव्हती (ती रेल्वेतून न्यायची वस्तू नव्हे), पण तिच्या स्टिकरचे, पिनेचे आणि स्क्रूच्या भोकांचे फोटो फोनमध्ये होते, आणि तिचं वजन किराणावाल्याच्या काट्यावर करून लिहून ठेवलं होतं: १९२ ग्रॅम. त्यांनी फोटो बघितले आणि विचारलं, "ताई, ओरिजिनल दाखवू का कंपॅटिबल?"

"दोन्ही दाखवा. आणि तारीख दाखवा."

ते हसले. "तारीख विचारणारं गिऱ्हाईक क्वचितच येतं."

त्यांनी आधी ओरिजिनल काढली. खोका बंद, किंमत ५,८००. स्टिकरवर उत्पादनाची तारीख होती, चार वर्षांपूर्वीची. ते स्वतःच म्हणाले, "माल अस्सल आहे, पण ठेवलेला आहे. मी खोटं सांगणार नाही. हिच्यावर मी एक महिना बघतो, पुढचं नाही." मग एक कंपॅटिबल काढली, २,६०० रुपये, बिलासह, एक वर्षाची वॉरंटी दुकानातच. आणि माझ्या सांगण्यावरून, नुसतं तुलनेसाठी, शेजारच्या दुकानातून एक स्वस्त कॉपीही आणवली.

कुरिअरची पाकिटं तोलायला त्यांच्याकडे छोटा इलेक्ट्रॉनिक काटा होता. त्यावर एकेक ठेवली. ओरिजिनल १९० ग्रॅम. कंपॅटिबल १९६. कॉपी १४८. तिन्हींवर ४२ वॉट-अवरच छापलेलं. लॅपटॉपमधल्या चांगल्या पाकीट-सेलमध्ये किलोमागे साधारण २०० ते २५० वॉट-अवर ऊर्जा मावते. म्हणजे ४२ साठी नुसत्या सेलचंच वजन १७० ग्रॅमच्या आसपास हवं, वर चौकट, वायर आणि सर्किट. १४८ ग्रॅमच्या बॅटरीत ते बसत नाही. भाच्याने कॉपी हातात घेऊन बोटांनी चाचपली, तर सेल आणि चौकट यांच्यामध्ये एका बाजूला सैल जागा लागत होती. सेल लहान मापाचे भरलेले. स्टिकर कितीही हुबेहूब छापला तरी वजन छापता येत नाही, म्हणून ही तपासणी मला सगळ्यात भरवशाची वाटते. जड असली म्हणजे चांगलीच, असं नाही. पण हलकी असेल तर पुढे बघायची गरज नाही.

यानंतर बीआयएसचा नंबर. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा लिथियम सेल आणि बॅटऱ्यांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. मानकाचा क्रमांक आयएस १६०४६. बॅटरीवर मानकचिन्हाबरोबर 'आर' अक्षर आणि त्यापुढे आठ आकडी नोंदणी क्रमांक असतो. 'बीआयएस केअर' नावाचं सरकारी ॲप आहे, त्यात हा क्रमांक टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर, कोणत्या वस्तूसाठी, ती चालू आहे का, हे सगळं पुढे येतं. बहुतेक जण चिन्ह आहे एवढं बघून समाधान मानतात. आम्ही दुकानाच्या पायरीवर उभं राहून क्रमांक टाकले. कंपॅटिबलचा क्रमांक बॅटरीच्याच वस्तुगटात निघाला, उत्पादकाचं नाव स्टिकरवरच्या नावाशी जुळलं, आणि नोंदणीतल्या मॉडेलच्या यादीत आमचं मॉडेल होतं. कॉपीवरचा क्रमांकही खराच होता, फक्त तो एका पॉवर ॲडॅप्टरच्या नोंदणीचा होता. कुठून तरी उचलून छापलेला. म्हणून क्रमांक खरा आहे का एवढंच पाहून थांबू नये, तो कशाचा आहे तेही पाहावं.

कंपॅटिबलवर उत्पादनाची तारीख पाच महिन्यांपूर्वीची होती. माझा निर्णय तिथेच झाला.

भाच्याने मात्र ओरिजिनलच घेतली, आणि त्याचा निर्णयही बरोबर होता. त्याचा लॅपटॉप दोन वर्षांचा, मॉडेल अजून बाजारात, त्यामुळे बॅटऱ्या ताज्या बनून येतात. त्याच्या लॅपटॉपवर वाढीव वॉरंटी आहे, ती त्याला जपायची होती. आणि ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय देणारं कंपनीचं ॲप ओरिजिनल बॅटरीबरोबर विनातक्रार चालतं. त्याने ती दुकानातून न घेता अधिकृत ठिकाणाहून मागवली. ६,२०० पडले, आणि आली तेव्हा चार महिन्यांपूर्वी बनलेली होती. नवा लॅपटॉप, चालू मॉडेल, वॉरंटी बाकी: तिथे मीही दुसरा विचार केला नसता.

ओरिजिनलच्या बाजूचं आणखी एक सांगायला हवं. बॅटरी म्हणजे फक्त सेल नव्हेत. आत एक चिप असते, ती चार्ज किती उरला ते मोजते, तापमान बघते, सेल एकमेकांशी समतोल ठेवते आणि लॅपटॉपशी बोलते. ओरिजिनलमध्ये ही चिप त्या लॅपटॉपसाठी आखलेली असते. काही लॅपटॉप अनोळखी चिप दिसली की सुरू होतानाच इशारा देतात, काही तर ती बॅटरी चार्जच करत नाहीत. त्यामुळे घेण्याआधी आपल्याच मॉडेलवर ती कंपॅटिबल कोणी वापरली आहे का हे विचारावं, आणि लॅपटॉपने नाकारली तर परत घेणार का, ते बिलावर लिहून घ्यावं. मी लिहून घेतलं. दुकानदारांनी कुरकुर न करता लिहून दिलं.

पण ओरिजिनल म्हणजे दोष असूच शकत नाही, असंही नाही. २००६ साली सोनीच्या सेलमध्ये धातूचे सूक्ष्म कण राहून गेल्यामुळे डेलला सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत मागवाव्या लागल्या होत्या, आणि त्या सगळ्या ओरिजिनल होत्या. फरक एवढाच की नाव-पत्ता असलेली कंपनी होती म्हणून माल परत मागवता आला. निनावी कॉपी कोण परत मागवणार? बीआयएसच्या नोंदणीला मी इतकं महत्त्व देते ते यासाठीच. त्यातून चांगल्या दर्जाची खात्री मिळते असं नाही, पण काही झालं तर दार कोणाचं ठोठवायचं हे कळतं.

मधल्या काळात जुन्या बॅटरीत नवे सेल भरून घेण्याचाही सल्ला मिळाला होता. जुन्या गोल सेलच्या पॅकमध्ये हे करणारे कुशल कारागीर आहेत. पण सेल स्पॉट वेल्डिंगने जोडावे लागतात, सोल्डरिंगच्या आचेने त्यांना इजा होते. आणि पुष्कळ चिपा सेल सुटले की स्वतःला कायमचं कुलूप लावून घेतात, ते उघडायला वेगळी साधनं लागतात. फुगलेल्या पाकीट-सेलच्या बाबतीत तर मी हा विचार मनातही आणला नाही.

बॅटरी कुडाळला आणून त्याच दादांकडून बसवून घेतली. पिन बरोबर बसली, स्क्रू जुळले, झाकण सपाट लागलं. झाकण जरासं जरी उचललं जात असतं तर मी ती तिथेच परत केली असती, कारण दाबून बसवलेली पाकीट-बॅटरी पुढे धोक्याची. पहिल्यांदा चार्ज करताना लॅपटॉप लादीवर ठेवला, दिवसा, मी समोर बसलेली असताना. गादीवर किंवा रात्री झोपताना लावून ठेवला नाही. बॅटरीच्या जागी हात लावून बघत होते. कोमट लागत होती, चटका बसेल अशी नाही.

मग पुन्हा बॅटरीरिपोर्ट काढला. डिझाइन कपॅसिटी ४२,००० च्या जवळ, फुल चार्जही तेवढीच, सायकल काउंट, म्हणजे बॅटरी किती वेळा भरून वापरली गेली तो आकडा, शून्य. हे आकडे बघून बरं वाटलं, पण त्यावर विसंबून राहिले नाही, कारण ते चिप सांगते, आणि चिपमध्ये कोणीही काहीही भरून ठेवू शकतो. पुल-आउट बॅटऱ्यांचा सायकल काउंट शून्य करून विकतात तो याच मार्गाने. खरी परीक्षा घड्याळाची. शंभर टक्के चार्ज केलं, पडद्याचा उजेड निम्म्यावर ठेवला, वाय-फाय चालू, आणि माझं रोजचं पानं लावण्याचं काम सुरू केलं. अशा कामात माझा लॅपटॉप तासाला साधारण १० वॉट-अवर खातो. ४२ ची बॅटरी असेल तर चार तास जायला हवेत. पावणेचार तासांनी पाच टक्के उरले. म्हणजे छापलेलं आणि आत असलेलं यांत फार तफावत नव्हती. कॉपी घेतली असती तर अहवालात ४२,०००च दिसले असते आणि लॅपटॉप अडीच-तीन तासांत झोपला असता.

हिच्यात उणिवा आहेत. पहिले काही आठवडे टक्के नीट दाखवत नव्हती, वीसवरून एकदम बारावर उडी मारायची. दोन-तीनदा पूर्ण भरून अगदी खालपर्यंत वापरल्यावर ते बरंच सुधारलं, पण ओरिजिनल जशी एकेक टक्का संथपणे उतरायची तशी ही अजूनही उतरत नाही. चार्ज व्हायलाही पूर्वीपेक्षा वेळ लागतो. आणि लॅपटॉपच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये, बॅटरीची तब्येत दाखवणारी जी ओळ आहे तिथे 'अननोन' येतं. २,६०० रुपयांत मला एवढं चालण्यासारखं आहे. बायोसमधली चार्जिंगची मर्यादा सुदैवाने चालते, ती मी ८० टक्क्यांवर ठेवली आहे. दिवसभर चार्जरला लावून काम करणाऱ्या प्रत्येकाने ती ठेवावी, कोणत्याही कंपनीची बॅटरी असो. वादळाचा अंदाज असला की आदल्या रात्री मर्यादा काढून पूर्ण भरून घेते.

फुगलेल्या बॅटरीचं काय करायचं हा प्रश्न उरला होता. २०२२ च्या बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, पण तालुक्याच्या गावात ती द्यायची कुठे, हे शोधावं लागतं. भंगारवाला घ्यायला तयार होता. त्याला दिली नाही, कारण तो ती इतर लोखंडाबरोबर ठोकणार. पिनेला चिकटपट्टी लावली, पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घालून त्यात ठेवली आणि डबा पडवीच्या बाहेरच्या कोपऱ्यात, लाकूडफाट्यापासून लांब. पुढे ई-कचरा गोळा करायला नोंदणीकृत संस्थेची गाडी आली तेव्हा डब्यासकट त्यांच्या हवाली केली आणि पोच घेतली.

यंदाचे अंक याच बॅटरीवर निघाले. श्रावणातल्या एका रात्री वीज गेली ती पहाटे आली. मध्ये एका अंकाचा कविता विभाग पूर्ण लावून पीडीएफ संपादकांना गेली होती, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून. वॉरंटी संपायला अजून काही महिने आहेत. ती संपायच्या आधीच्या महिन्यात पुन्हा अहवाल काढणार, पुन्हा घड्याळ लावून तपासणार, आणि क्षमता छापलेल्याच्या ऐंशी टक्क्यांखाली गेलेली दिसली तर बिल घेऊन भाच्याला दुकानात पाठवणार. तसं त्याला सांगूनही ठेवलं आहे.